आईचं धुणं आणि माझी भाषणं

कॉलेजातल्या त्या दोन वर्षांत मी फक्त बोलत होतो. दुसरं काही करत होतो असं आज कितीही आठवलं तरी आठवत नाही. नाव बी.एस्सी.ला होतं, पण प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्यांपेक्षा माझी ओळख माइकशी जास्त होती. नागपुरात जिथं कुठं वादविवाद स्पर्धा असेल, तिथं मी खादीचा पांढरा झब्बा घालून, खांद्याला शबनम पिशवी लटकावून हजर. विषय बहुतेक ठरलेले असत. विज्ञान शाप की वरदान, विकास की पर्यावरण, यंत्रयुग आणि माणूस. विषय कोणताही असो, मी तिसऱ्या मिनिटाला चंगळवादावर येत असे. एकदा तर हुंड्याच्या विषयावर बोलताना हुंड्यात मागितल्या जाणाऱ्या फ्रिजवर आलो, फ्रिजवरून ओझोनच्या थरावर गेलो आणि तिथंच वेळ संपल्याची घंटा झाली. हुंडा बिचारा खालीच राहिला. तरी परीक्षकांनी दुसरं बक्षीस दिलं, कारण आवाज चांगला होता. माझ्या त्या काळातल्या सगळ्या यशाचं रहस्य एवढंच होतं, पण ते मला कुणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, कारण मी बोलत होतो.

आम्ही सक्करदऱ्याला दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. मागं फरशीचं छोटं अंगण, अंगणात एक नळ, नळाखाली धुण्याचा काळा दगड आणि भिंतीला टेकून एक पेरूचं झाड. नळाला पहाटे पाच ते सहा पाणी यायचं. बाबा इतवारीतल्या भांड्यांच्या एका ठोक दुकानात गिऱ्हाइकी सांभाळायचे. लग्नसराईत डबे, पराती, टोपांच्या चळती गिऱ्हाइकांपुढं मांडून मांडून त्यांच्या बाह्यांना ॲल्युमिनियमची काळी कड कायमची लागलेली असायची. म्हणजे माझ्या चंगळवादविरोधाचं पोट लोकांच्या भांडी घेण्यावर भरत होतं. हे बाबांनी एकदा जेवताना बोलूनही दाखवलं होतं. "लोकायनं घेणंच बंद केलं त मी काय करू गा अरू? घरी बसून तुह्यं भाषण ऐकू?" मी म्हणालो, "बाबा, गरज आणि हाव यात फरक असतो." बाबा म्हणाले, "हाव, असते. भाजी वाढ." आमच्याकडं 'हो'लाही 'हाव'च म्हणतात.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात ती रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये होती. रोज पांढरा कोट घालून जायची, आणि तो कोट रोज धुतलेला असायचा. बाबांचे काळ्या बाह्यांचे सदरे, ताईचे कोट, माझे झब्बे, चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे, आणि हिवाळ्यात आजीच्या हातच्या दोन जाड वाकळा. हे सगळं एक माणूस धूत होतं. पहाटे पाचला नळाची पहिली खरखर झाली की आई उठायची. मग बादल्यांचा आवाज, मग ब्रशचा, मग कपडे बडवायच्या मोगरीचा. थप, थप, थप. या आवाजानं मला जाग यायची, पण मी उठायचो नाही. पांघरुणात पडल्या पडल्या त्या ठेक्यावर मी भाषण रचायचो. आज हे लिहिताना कानशिलं गरम होतात, पण खरं ते लिहिलंच पाहिजे. माझ्या भाषणांत वाक्यांचा जो ठाशीवपणा होता, ज्याचं परीक्षक कौतुक करायचे, तो आईच्या मोगरीचा होता. "गरजा वाढल्या" - थप - "माणूस लहान झाला" - थप - "वस्तू मोठ्या झाल्या" - थप. हे रचून झालं की मी परत झोपायचो.

झब्ब्याचं तर वेगळंच प्रकरण होतं. खादी पांढरी ठेवणं किती कठीण असतं हे खादी घालणाऱ्याला कधी कळत नाही. आई ते इतर कपड्यांआधी वेगळे भिजवायची, शेवटच्या पाण्यात निळीचा थेंब टाकायची, साबुदाण्याची खळ करून त्यात बुडवायची आणि अर्धे ओले असतानाच इस्त्री करायची, म्हणजे कडा उभ्या राहतात. कॉलेजात मुलं म्हणायची, "अरू, तुझा झब्बा बोलतो रे." मी नम्रपणे हसायचो. साधी राहणी असली की माणसावर तेज येतं, अशी माझी समजूत होती.

मी ढोंगी नव्हतो, हे मात्र सांगायला हवं. ढोंगी असतो तर बरं झालं असतं, ढोंग केव्हातरी उतरवता येतं. माझा त्या सगळ्यावर मनापासून विश्वास होता. नाग नदीच्या पुलावरून जाताना तिच्यातला काळा फेस पाहून मला खरंच वाईट वाटायचं. लोक धडधाकट वस्तू टाकून नव्या का घेतात हे मला खरंच कळायचं नाही. अजूनही कळत नाही. पुढं मी नोकरीही पर्यावरण शिकवण्याचीच केली आणि त्या वेळचं माझं बरंचसं म्हणणं बरोबर होतं असं आज साठीला टेकल्यावरही वाटतं. अडचण म्हणण्यात नव्हती. ते म्हणणं कुणाच्या हातांनी धुऊन निघत होतं, ते मी पाहिलं नव्हतं.

एका रविवारी आईनं पाटवड्यांचा रस्सा केला होता. पाटवड्यांच्या दिवशी आमच्या घरी कुणी कुणाशी भांडत नसे, कारण तोंड रिकामं नसे. वरची लाल तर्री, खाली मऊ वडी, बाजूला कांदा आणि लिंबू. ताईनं जेवण झाल्यावर पर्समधून घडी केलेला एक रंगीत कागद काढला आणि आईच्या पुढ्यात ठेवला. कपडे धुवायच्या मशीनचा कागद होता तो. पांढरीशुभ्र मशीन, तिच्याशेजारी दागिने घातलेली एक बाई उगाच हसत उभी. ताई म्हणाली, "आई, हे घेऊन राहिली मी तुह्यासाठी. माह्याजवळ जमले आहेत पैसे. कुणाले विचारायची गरज नाही."

आईनं आधी पदराला हात पुसले आणि मग कागद हातात घेतला. तिनं तो उलटा करून मागची बाजूही पाहिली. तिच्या तोंडून एक शब्द निघायच्या आत मी उभा राहिलो. जेवणाच्या पाटावर उभा राहिलो, हे मला चांगलं आठवतं, कारण बाबा म्हणाले, "पाट मोडन." मी म्हणालो की प्रश्न एका मशीनचा नाही, वृत्तीचा आहे. आज मशीन येईल, उद्या दुसरं काही येईल, वीज लागेल, विजेसाठी कोळसा लागेल, कोळशासाठी आपल्याच जिल्ह्यातलं जंगल जाईल. हातानं काम करणाऱ्या माणसाचा धरतीशी संबंध राहतो, असंही म्हणालो. धरतीशी आईचा संबंध त्या काळ्या दगडापुरता होता, पण वाक्य जोरदार होतं. शेवटी मी म्हणालो, "आईलाच विचारा. आई कधी म्हणाली का मशीन पाहिजे?"

"तू बस ना," ताई म्हणाली. "तुले कोण विचारून राहिलं? कपडे धुतो का तू?"

"मुद्दा तो नाही," मी म्हणालो.

सगळे आईकडं पाहू लागले. आईनं कागदाची जशी होती तशी घडी केली. "राहू दे वं बाई," ती ताईला म्हणाली. "अरू इतका शिकून राहिला, तो म्हणते त काही असनच त्याच्यात. झालं इतके दिवस, पुढंही होईन."

ताई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मी मात्र खूष होतो. आईचा माझ्या विचारांना पाठिंबा आहे, असा त्याचा अर्थ मी काढला, आणि लगेच वहीत टिपून ठेवलं की पुढच्या भाषणात आईचं उदाहरण घ्यायचं.

पुढचं भाषण म्हणजे त्या वर्षीच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचं होतं. आमचे मराठीचे हेडाऊ सर वर्षभर तिचीच तयारी करून घेत. विषय होता, पर्यावरण वाचवण्यासाठी सरकारनं घरगुती यंत्रांवर जादा कर बसवावा. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरायची. माझ्या हाती चिठ्ठी आली ती बाजूनं बोलण्याची. देवही चंगळवादाच्या विरोधात आहे, असं मी हेडाऊ सरांना म्हणालो. सर म्हणाले, "देवाचं राहू द्या, वेळेचं पाहा." मी आठवडाभर घरात घोकत होतो. आई स्वयंपाकघरात लसूण सोलता सोलता ऐकायची आणि मी थांबलो की विचारायची, "झालं?" मी म्हणायचो, "अजून अर्धं आहे." ती म्हणायची, "बरं."

आणि मग मला ती कल्पना सुचली, जिच्याबद्दल मी आजवर स्वतःला माफ केलेलं नाही. आईला मी स्पर्धेला घेऊन गेलो. ती कधीच कुठल्या स्पर्धेला आली नव्हती. मी म्हणालो, चल ना, एकदा तरी ये. ती इतकी आनंदली की तिनं पहाटेचं सगळं धुणं चारलाच, साठवलेल्या पाण्यावर आटपलं, माझ्या झब्ब्याला दोनदा इस्त्री केली, मरून रंगाची साडी नेसली आणि पर्समध्ये खोबऱ्याच्या वड्या घेतल्या, कुणाला भूक लागली तर असू द्याव्यात म्हणून. सभागृहात मी तिला तिसऱ्या ओळीत, मला बरोबर दिसेल अशा खुर्चीवर बसवलं. तिला वाटलं असेल, पोराला आई समोर हवी आहे. मला ती उदाहरण म्हणून समोर हवी होती.

मी चांगलं बोललो. खोटा विनय करून काय उपयोग? नदी, जंगल, कोळसा, सगळं ओळीनं आलं, टाळ्याही पडल्या. आणि शेवटच्या मिनिटाला मी आवाज खाली आणला, हात तिसऱ्या ओळीकडं केला आणि म्हणालो, "माझी आई आज इथं आली आहे. आमच्या घरी कपडे धुवायची मशीन नाही. येऊ शकत होती, माझ्या आईनं ती नाकारली. तिचे हात हीच आमच्या घरची मशीन आहे, आणि या मशीनला वीज लागत नाही. आई, उभी राहा." आई गडबडली. तिनं मागं पुढं पाहिलं, मग पदर सावरत उभी राहिली. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. मी झब्ब्याच्या कडांसारखाच ताठ उभा होतो.

त्या स्पर्धेचा एक नियम होता. भाषण झालं की विरुद्ध बाजूचा स्पर्धक एकच प्रश्न विचारणार आणि त्याचं उत्तर तिथंच द्यायचं. माझ्याविरुद्ध पारशिवनीहून आलेली एक मुलगी होती, शुभांगी ढोमणे. बारीक, सावळी, साध्या पंजाबी ड्रेसमधली. तिला मी सकाळीच पाहिलं होतं आणि फारसं मनावर घेतलं नव्हतं, कारण तिच्याकडं शबनम नव्हती. ती माइकपाशी आली. आधी आईकडं पाहून म्हणाली, "काकू, तुम्ही बसून घ्या ना. सकाळपासून उभ्याच असाल." लोक हसले, पण प्रेमानं. आई बसली. मग ती माझ्याकडं वळली.

"तुमचा झब्बा फार छान पांढरा आहे. माझा एकच प्रश्न. तो कोणी धुतला?"

मी दोन वर्षांत दीडएक लाख शब्द बोललो असेन. त्या क्षणी त्यातला एकही जवळ आला नाही. मी झब्ब्याकडं पाहिलं, जणू त्यावर उत्तर लिहिलेलं असावं. आणि मी म्हणालो, "खादीचा आहे."

नंतर कितीतरी दिवस कॉलेजात मला पाहिलं की पोरं एकमेकांना म्हणायची, "काय रे, जेवला का?" "खादीचं आहे." पण त्या दिवशी सभागृह फुटायच्या आधी अर्धा क्षण, सगळ्यांच्या आधी, एकच हसू ऐकू आलं. मोकळं, वर चढत जाणारं, दाबायचा प्रयत्न करून न दबलेलं. तिसऱ्या ओळीतून. मी आईला घरात हसताना ऐकलं होतं, पण ते हसू मी आधी कधी ऐकलं नव्हतं. मग बाकी सगळे हसले. परीक्षकांपैकी एकांनी चष्मा काढून डोळे पुसले.

शुभांगीचं भाषण मला सगळं आठवत नाही, कारण पहिली दोन मिनिटं कानात नुसता घूं घूं आवाज होता. पुढचं आठवतं. ती अजिबात ओरडत नव्हती. ती म्हणाली, "कर जरूर लावा. जी वस्तू दोन वर्षांत मोडते आणि दुरुस्तच होत नाही, ती बनवणाऱ्यावर लावा. सुटे भाग मिळालेच पाहिजेत असा कायदा करा. पण घरातलं सगळ्यात जड काम ज्या यंत्रानं हलकं होतं, त्याला चैन म्हणू नका. माझी आई पेंचच्या कालव्यावर धुणं नेते. हिवाळ्यात तिची बोटं फाटतात आणि ती रात्री त्यात मेण भरते. साधी राहणी मलाही आवडते. पण घरातल्या एकीनंच साधं राहायचं आणि बाकीच्यांनी त्याचं कौतुक करायचं, याला साधी राहणी म्हणत नाहीत." मला प्रश्न विचारायची पाळी आली तेव्हा मी विचारलं, "तुमच्या घरी मशीन आहे का?" ती म्हणाली, "नाही. म्हणून तर बोलायला आले." आणि जागेवर जाऊन बसली.

तिला पहिलं बक्षीस मिळालं. मला उत्तेजनार्थ. हेडाऊ सर म्हणाले, "आवाज चांगला लागला होता." मी खाली मान घालून बाहेर आलो, तर आई शुभांगीला धरून उभी होती. दोघी खोबऱ्याच्या वड्या खात होत्या. आईनं तिचे हात हातात घेऊन उलटेसुलटे करून पाहिले. "तूही धुते का वं?" "सुट्टीत घरी गेली की धुतो ना काकू, आईले तेवढंच बरं." मग दगड कोणता चांगला, कालव्याचं पाणी जड की विहिरीचं, वाकळ भिजली की किती जड होते, अशी त्यांची चर्चा सुरू झाली. मी शबनम धरून बाजूला उभा. जाताना शुभांगी मला म्हणाली, "राग नका मानू. चिठ्ठी विरोधाची निघाली. बाजूनं निघाली असती त मीही तुमच्यासारखीच बोलली असती." मला जरा बरं वाटलं. ती दोन पावलं गेली आणि वळून म्हणाली, "झब्ब्याचं मात्र मनातूनच विचारलं." तिचं पुढं काय झालं मला माहीत नाही. त्यानंतर ती मला कुठल्या स्पर्धेत दिसली नाही, पण त्यानंतर मीही फारशा स्पर्धांना गेलो नाही.

सिटी बसमध्ये आई खिडकीपाशी बसली. दोन थांबे गेले. शेवटी म्हणालो, "तू हसली."

"हसू आलं," आई म्हणाली.

"सगळ्यात आधी हसली."

"मले उत्तर माहीत होतं ना," ती म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली. समोरच्या बाकावरची बाई वळून पाहू लागली.

"तुला मशीन पाहिजे होती तर सांगितलं काहून नाही?"

आई हसायची थांबली. तिनं हात मांडीवर ठेवले. इतकी वर्षं त्या घरात राहून मी तिची बोटं पहिल्यांदा नीट पाहिली. पेरांवर बारीक चिरा होत्या, त्यांत निळीची निळी रेघ बसली होती, आणि उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट सरळ होत नव्हतं. "तू विचारलं कुठं?" ती म्हणाली. "तू त पाटावर उभा होता."

आता कुणाही शहाण्या मुलानं घरी जाऊन ताईची माफी मागितली असती आणि विषय संपवला असता. मी शहाणा नव्हतो, वक्ता होतो. हरलो हे मान्य करायचं नव्हतं आणि आईनं धुणंही मनाला पटत नव्हतं, तेव्हा मी तिसरा मार्ग काढला. त्याच संध्याकाळी जाहीर केलं की मशीन येणार नाही, आणि उद्यापासून घरातलं सगळं धुणं मी धुणार. ताई म्हणाली, "लिहून दे." मी खरंच लिहून दिलं. बाबांनी तो कागद देवघरात ठेवला.

पहिल्या दिवशी पहाटे पाचला मी नळाखाली हात घातला आणि काढून घेतला. डिसेंबरातलं नळाचं पाणी कसं असतं ते पांघरुणातून ऐकताना कळत नाही. सदऱ्याच्या काळ्या बाह्या अर्धा तास घासल्या, त्या काळ्याच राहिल्या आणि बाजूचं कापड मात्र विरलं. चादर पिळायला घेतली तर एक टोक माझ्या हातात आणि दुसरं पेरूच्या बुंध्याशी चिखलात. मला वाटलं, हे दोघांचं काम आहे, मग आई एकटी कशी करते? विचारलं तर तिनं येऊन ओल्या चादरीचं एक टोक पेरूच्या खालच्या फांदीला अडकवलं आणि दुसऱ्या टोकानं पीळ दिला. फांदीवर त्या जागी साल पार झिजून गुळगुळीत झाली होती. हे झाड रोज माझ्या डोळ्यांपुढं होतं. त्याच्यावर मी एकदा एक कविताही केली होती.

तिसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले. चौथ्या दिवशी ताईच्या कोटाबरोबर माझा लाल मफलर भिजला आणि कोट गुलाबी झाला. ताईकडं दुसरा कोरडा कोट नव्हता. ती गुलाबी कोट घालून लॅबमध्ये गेली आणि संध्याकाळी येऊन म्हणाली की डॉक्टरांनी विचारलं, आज काही खास आहे का? पाचव्या दिवशी वाकळ होती. वाकळ भिजल्यावर मला ती उचलताच आली नाही. मी तिच्यावर बसून राहिलो. पाणी गेलं, उजाडलं, बाबा दुकानात जायला निघाले आणि अंगणात डोकावून म्हणाले, "काय गा, धरतीशी संबंध आला का?" आयुष्यात त्यांनी केलेला तो एकच विनोद असावा, पण जपून ठेवलेला होता.

पहिल्या दिवशीची ती चादर सोडली तर आई मधे पडली नव्हती. तिनं मदत केली नाही आणि हसलीही नाही. आठव्या दिवशी मीच ताईसमोर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "आणू या मशीन." मग सवयीप्रमाणे जोडलं, "पण एक सुचवतो. नवी नको. जुनी चांगल्या स्थितीतली घेऊ. म्हणजे नवीन वस्तू बनत नाही, जुनीचा वापर होतो, पर्यावरणाच्या दृष्टीनं पाहिलं तर..."

"नवी पायजे," आई म्हणाली.

ती दारात उभी होती. आवाज चढवलेला नव्हता, पण आम्हा दोघांचंही बोलणं थांबलं. तिला काही पायजे आहे, हे वाक्य त्या घरात मी तोवर ऐकलं नव्हतं.

"जुनं मी जन्मभर वापरलं," ती म्हणाली. "जावांच्या साड्या, ताईच्या लहानपणीचे कपडे फाडून केलेल्या पिशव्या, सगळं. त्याले तुम्ही आता नाव देता, पर्यावरण. मी नाव न देता केलं. हे मले नवीन पायजे. कोरं. खोकं मी उघडीन."

खोकं तिनंच उघडलं. बाबांनी कात्री पुढं केली तर नको म्हणाली, चिकटपट्टी नखानं सोडवली, आतला थर्माकोल अलगद काढला आणि मशीनवरचा प्लॅस्टिकचा कागद शेवटी, सावकाश, एका टोकापासून सोलत आणला. मी थर्माकोलबद्दल काही बोललो नाही. ती मशीन आमच्या घरी वीसहून जास्त वर्षं चालली. तिचा पट्टा, मोटर, पाण्याची नळी, सगळं वेळोवेळी बदललं गेलं, आणि प्रत्येक वेळी मेकॅनिकच्या शेजारी स्टुलावर बसून आईनं ते नीट पाहून घेतलं. शेवटी शेवटी ती त्याला सांगायची, कोणता स्क्रू आधी काढायचा. परवा माझ्या फोनची बॅटरी गेली तेव्हा दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, आत चिकटवलेली असते, उघडत नाही, नवा घेऊन टाका." मी त्याला दुरुस्तीचा हक्क आणि कायदा यावर पंधरा मिनिटं सांगितलं. माझे मुद्दे सगळे शुभांगी ढोमणेचे होते. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काळा दाखवू की निळा?"

पण मला सांगायची आहे ती सकाळ मशीन आली त्याच्या दुसऱ्या दिवशीची. पाणी भरून झालं होतं, कपडे मशीनमध्ये फिरत होते. मला जाग आली ती सवयीनं, आणि या वेळी मी उठून अंगणात आलो. आई मागच्या पायरीवर बसली होती. हातात चहाचा कप होता. अंगावर शाल होती. समोर काही निवडायला, सोलायला, विणायला घेतलेलं नव्हतं. मला जरा काळजीच वाटली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही."

"मग काय करून राहिली?"

"बसून राहिली," आई म्हणाली. तिनं चहाचा एक घोट घेतला. चहा गरम होता, कपातून वाफ निघत होती. समोरच्या भिंतीवर ऊन अजून यायचं होतं. मी तिथंच उभा राहिलो. श्रम, यंत्र, फुरसत, स्त्रीमुक्ती, असे चार-पाच चांगले शब्द माझ्या तोंडाशी आले होते, आणि त्यांचं एक फार सुंदर वाक्य होणार होतं. आईनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"तुले काही बोलायचं आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग बस," ती म्हणाली, आणि पायरीवर जरा सरकली.